आमच्या सोसायटीचं सांडपाणी मिठी नदीत जातं का? जोडणीसाठी पैसे काढावेत का?

मरोळकर
मंडळी, सल्ला हवा आहे. आमची सोसायटी मरोळची, १९८४ सालची. तीन विंग, ७२ घरं. बांधली तेव्हा रस्त्यात मलवाहिनी नव्हती, म्हणून मागच्या अंगाला सेप्टिक टँक. गेल्या वर्षी रस्ता खणून मलवाहिनी टाकली आणि आता पालिकेचं पत्र आलंय की टाकी बंद करा आणि लाइनला जोडून घ्या. प्लंबरने सांगितलेला आकडा घरटी नऊ हजारांच्या आसपास जातो.
मी सेक्रेटरी. परवाच्या सभेत दोन तास वाद झाला. बऱ्याच जणांचं म्हणणं, आपण दर वर्षी गाडी बोलावून टाकी उपसतो, मग आपल्यामुळे नदी कशी घाण होईल? मिठीत जातं ते झोपडपट्टीचं आणि कारखान्यांचं. मला यावर धड उत्तर देता आलं नाही. मागच्या भिंतीपासून शंभर पावलांवर नाला आहे, तो पुढे मिठीला मिळतो. बाबा सांगायचे की ते इथे राहायला आले तेव्हा पोरं त्या नाल्यात मासे पकडायची.
टाकीतून निघालेलं पाणी नक्की जातं कुठे? आणि ७२ घरांनी जोडून घेतलं तर नदीला काही फरक पडतो का? पुढची सभा २२ तारखेला आहे.

गुळपोळी
वाचतेय. आमच्याकडेही हेच पत्र आलंय, अंधेरी पूर्व.

जुना_ओव्हरसियर
मरोळकर, मलनिःसारणाच्या कामात माझी एकतीस वर्षं गेली, म्हणून सविस्तर लिहितो.
गाडी बोलावून तुम्ही उपसता तो तळाला बसलेला गाळ. वरचं पाणी उपसलं जात नाही. टाकी भरलेलीच असते, त्यामुळे रोज जेवढं आत येतं तेवढंच दुसऱ्या तोंडाने बाहेर पडतं. आता हिशोब करा. ७२ घरं, घरटी चार माणसं, माणशी १३५ लिटर पाणी. त्यातलं ऐंशी टक्के सांडपाणी धरायची आमची पद्धत. म्हणजे रोजचे साधारण ३१ हजार लिटर, दहा हजारी तीन टँकर. टाकी त्यातली फार तर निम्मी घाण अडवते, बाकीची पाण्याबरोबर निघून जाते.
नियमाने हे पाणी शोषखड्ड्यात जायला हवं. पण चाळीस वर्षांचा शोषखड्डा मुंबईच्या चिकट मातीत कधीच बुजलेला असतो. मग एखाद्या पावसाळ्यात अंगणात पाणी वर येतं, त्या वेळची कमिटी घाईने एक पाइप पावसाळी गटारात सोडून देते, कमिटी बदलते आणि पाइप कोणाच्या लक्षात राहत नाही. अशा शेकडो जोडण्या मी स्वतः पाहिल्या आहेत.
बहुतेक मुंबईत दोन वेगळ्या वाहिन्या आहेत. मलवाहिनी उदंचन (पंपिंग) केंद्राकडे आणि तिथून प्रक्रिया केंद्राकडे जाते. पर्जन्यजलवाहिनी नाल्यात, नदीत, समुद्रात जाते, तिच्या वाटेत कुठेही प्रक्रिया नाही. कागदावर दोघी एकमेकींना भेटत नाहीत. एप्रिलमध्ये तुमच्या मागच्या नाल्यावर जाऊन उभे राहा. पाऊस नाही, मग नाला वाहतो कशावर? उन्हाळ्यात पावसाळी गटारात जे पाणी दिसतं ते कुणाच्या तरी घरातलंच असतं.

वाचनवेडा
ओव्हरसियर काका, शेवटचं वाक्य डोक्यात बसलं. इतकी वर्षं तो नाला बघतोय, असा विचारच केला नव्हता.

टेम्सकाठी
लंडनहून लिहितोय, मूळचा पार्ल्याचा. इकडच्या जुन्या भागात पावसाचं आणि संडासाचं पाणी एकाच नळातून जातं, त्यामुळे जोराचा पाऊस झाला की जास्तीचं सगळं टेम्समध्ये सोडलं जायचं. १८५८ च्या उन्हाळ्यात नदीला इतका वास सुटला की पार्लमेंटचे पडदे चुन्याच्या क्लोराइडमध्ये बुडवून टांगावे लागले. त्यानंतर बॅझलजेट नावाच्या अभियंत्याने नदीला समांतर मोठ्या वाहिन्या बांधल्या. त्याही पुढे अपुऱ्या पडल्या आणि १९५७ साली टेम्स जीवशास्त्रीयदृष्ट्या मृत ठरवली गेली. आता नदीच्या पोटातून २५ किलोमीटरचा नवा बोगदा झालाय, २०२५ च्या फेब्रुवारीत त्याच्या सगळ्या जोडण्या पूर्ण झाल्या. आज टेम्सच्या मुखाशी सील दिसतात.
एवढं लिहिलं ते एका गोष्टीसाठी. इथे कोणी नदीत उतरून नदी साफ केली नाही. काम झालं ते सगळं गटारांचं.

नाक्यावरचा_पक्या
सगळं पटलं, पण माझा राग वेगळा आहे. पत्रं फक्त सोसायट्यांना येतात. मिठीच्या काठाने कुर्ल्यापर्यंत चालत जा. झोपड्यांचे पाइप सरळ नदीत. तेलाची पिंपं धुणारे, भंगारवाले, रंगवाले, सगळे तिथेच. आम्ही कर भरायचा, नऊ हजारही काढायचे आणि त्यांना कोणी विचारायचं नाही? आधी ते बंद करा, मग आमच्याकडे या.

गुळपोळी
पक्यादादा, पिंपं धुणाऱ्यांबद्दल अनुमोदन. ते रसायन आणि तेल आहे, त्यावर कारवाई व्हायलाच हवी. पण झोपडपट्टीतल्या माणसाने जोडायचं कुठे? पत्र यायला आधी रस्त्यात लाइन लागते.

कुर्ल्याची_पोर
इथे उत्तर द्यायलाच हवं, कारण पक्यादादा ज्यांच्याबद्दल बोलतायत ती मी आहे. क्रांतीनगर, मिठीच्या अगदी काठावर. माझा जन्म तिथला.
२६ जुलै २००५ ला मी सहा वर्षांची होते. सांताक्रूझला त्या दिवशी ९४४ मिलिमीटर पाऊस झाला हे नंतर शाळेत शिकले. तेव्हा एवढंच कळत होतं की पाणी पोटमाळ्यापर्यंत आलंय आणि ते काळं आहे. आईने मला आणि भावाला पत्र्यावर चढवलं. पाणी उतरल्यावर घरात जो गाळ राहिला तो मातीचा नव्हता, हे वासावरून पोरांनाही कळलं. अजूनही नदी चढली की आम्हाला शाळेत हलवतात, दर पावसाळ्यात. आमच्याकडे पिशवी भरलेली असते. कागदपत्रं, औषधं, आजीचे कपडे.
आमच्या गल्लीत मलवाहिनी नाही, कधी नव्हती. सार्वजनिक संडास आहे, त्याच्या खाली टाकी आहे, आणि त्या टाकीचं तोंड कुठे उघडतं ते ओव्हरसियर काकांनी वर लिहिलंच आहे. आम्ही मागणी केली तेव्हा गल्ली चार फुटांची आहे, मशीन आत येत नाही, असं सांगितलं गेलं. २०११ च्या जनगणनेत मुंबईतली ४० टक्क्यांहून जास्त माणसं झोपडपट्टीत मोजली आहेत. एवढ्या माणसांना वगळून कुठली मलवाहिनी पूर्ण होणार?
आणि दादा, नदी आमच्यामुळे घाण होते असं समजा धरलं, तरी तुमच्या वरच्या अंगाच्या सोसायट्यांचं पाणी आधी आमच्या दारात येतं. आम्ही खालच्या अंगाला आहोत.

नाक्यावरचा_पक्या
ताई, हे मला माहीत नव्हतं. मी घाईने लिहिलं. पिंपवाल्यांचा मुद्दा सोडत नाही, पण तुमच्या वस्तीबद्दल बोललो ते मागे घेतो.

पेठेतला
पुण्यातही हेच. मुळा-मुठेसाठी जपानच्या मदतीने अकरा प्रक्रिया केंद्रांचा प्रकल्प आहे, ३९६ दशलक्ष लिटरचा. पण ओढ्यांना सोडलेले पाइप मुळाशी जाऊन जोडल्याशिवाय केंद्रात येणार काय?
अवांतर: तुमच्या नदीचं नाव मिठी किती गोड आहे. आमच्या मुठेशी यमकही जुळतं.

माहीमचा_नाखवा
आमच्याकडे जुनी माणसं तिला मिठी म्हणत नव्हती, माहीमची खाडीच म्हणायची. भरतीला पाणी बीकेसीच्या (वांद्रे-कुर्ला संकुलाच्या) पुढपर्यंत आत चढतं, ओहोटीला उतरतं. बीकेसी झालं ते तिवरं आणि दलदल बुजवून, हे आता तिथल्या काचेच्या इमारतींकडे बघून कोणाला खरं वाटत नाही.
माझा आजा खाडीत बोक्शीचं जाळं लावायचा. कोळंबी, बोय, चिंबोरी, निवट्या. निवट्या चिखलावर उड्या मारायच्या, आम्ही पोरं हाताने धरायचो. आईचं निवट्यांचं कालवण असलं की शेजारचे वाडगा घेऊन यायचे. आता निवटी दिसली तरी घरात कोणी आणत नाही. जाळं टाकलं तर वर येतं प्लास्टिक, आणि त्याच्यावर काळा चोथा. माझ्या पोराने खाडी सोडली, तो आता लांबच्या दर्यात बोटीवर जातो.
गाळ काढायची यंत्रं दर वर्षी येतात. काढलेला गाळ दुसऱ्या वर्षी परत तिथेच. वरून घाण येत राहिली तर गाळ होणारच. मला कोणाचं काही सिद्ध करायचं नाही. मरोळकर, तुमची नऊ हजारांची जोडणी माझ्या खाडीसाठी आहे, एवढं सभेत सांगा.

मरोळकर
नाखवा, हे मी सभेत जसंच्या तसं वाचून दाखवणार आहे, परवानगी असेल तर.

माहीमचा_नाखवा
वाचा की. आजोबा खूष होतील.

शंकासुर
सगळे जोडा जोडा म्हणताय, पण जोडलेलं पाणी जातं कुठे ते पाहिलं का? इतकी वर्षं वरळी आणि वांद्र्याला मलजल जाळीतून गाळायचं, वाळू काढायची आणि तीनेक किलोमीटर लांबीच्या पातमुखातून, म्हणजे समुद्राखालच्या वाहिनीतून, समुद्रात सोडायचं, एवढंच होत होतं. म्हणजे नदीतली घाण समुद्रात नेऊन टाकली. यात नाखवांचा फायदा काय?

जुना_ओव्हरसियर
शंका रास्त आहे, आणि आमच्या पिढीला ती बोचत आली आहे. पातमुख बांधताना विचार असा होता की खोल समुद्रात लाटा आणि प्रवाह घाण पातळ करतील. शहर वाढत गेलं आणि तो विचार अपुरा पडला.
आता वरळी ५००, मालाड ४५४, धारावी ४१८, वांद्रे ३६०, घाटकोपर ३३७, भांडुप २१५ आणि वर्सोवा १८० दशलक्ष लिटर रोज, अशी सात केंद्रं नव्याने बांधायला घेतली आहेत. बेरीज २,४६४. जानेवारी २०२३ मध्ये भूमिपूजन झालं. त्यांत जिवाणूंकडून घाण खाऊन घेण्याची पूर्ण प्रक्रिया आहे. पाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना किती प्राणवायू लागतो त्यावर आम्ही पाणी मोजतो, त्याला बीओडी म्हणतात. कच्च्या मलजलात तो लिटरला दोनशे-अडीचशे मिलिग्रॅमच्या घरात असतो. २०१९ मध्ये हरित लवादाने मोठ्या शहरांतल्या केंद्रांसाठी तो १० वर आणायला सांगितलं. अंघोळीच्या नदीसाठी मर्यादा ३ आहे. त्यावरून आपण कुठे आहोत ते समजेल.
मिठीसाठी वेगळं कामही आहे. बापट नाला आणि सफेद पूल नाला हे मिठीला मिळणारे दोन मोठे नाले. त्यांचं कोरड्या दिवसांतलं पाणी अडवून साडेसहा किलोमीटरहून लांब बोगद्याने धारावीच्या केंद्राकडे न्यायचं, अशी आखणी आहे.
नाला अडवणं आवश्यक आहे, पण मला विचाराल तर तो दुय्यम उपाय. नाल्याच्या तोंडाशी अडवलेलं पाणी जोराच्या पावसात अडत नाही, ते उसळून नदीतच जातं. घराच्या दाराशी मलवाहिनीला जोडलेलं पाणी पावसातही नदीत जात नाही. मोठं केंद्र बांधलं आणि गल्लीतल्या जोडण्या झाल्या नाहीत, तर केंद्राला पाणी कमी आणि नदीला घाण तेवढीच.

दहिसरकर
धाग्यात फक्त मिठी नको. दहिसर, पोईसर, ओशिवरा या नद्याही राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरातून निघतात. जंगलात पाणी असं की तळाचे दगड मोजावेत, आणि वस्तीत शिरल्यावर दोन किलोमीटरांत गटार. आमच्याकडे तबेल्यांचं शेणही आहे. एका जनावराच्या रोजच्या शेणाचा बीओडी तर एका माणसाच्या मैल्यापेक्षा कितीतरी जास्त. त्याचं गोबरगॅस करा, खत करा, नदीत का?

वाचनवेडा
पवई तलाव १८९१ मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी बांधला आणि पुढे त्याचं पाणी पिण्याजोगं राहिलं नाही. विहार १८६० चा, तो मात्र आजही आपल्याला पाणी देतो. एक जंगलात राहिला, दुसऱ्याभोवती वस्ती आली. आणि या दोघांच्या सांडव्यातूनच मिठी निघते.

सावली_२२
मी बराच वेळ लिहू की नको करत होते. माझे वडील मलनिःसारणाच्या कामावर होते, कंत्राटी. मॅनहोलमध्ये उतरायचे. आधी काडी पेटवून आत सोडायचे, विझली तर उतरायचं नाही, एवढीच त्यांची सुरक्षा. सडक्या अंड्यासारखा वास आला तर घाबरायचं नाही, वास येता येता एकदम यायचा थांबला तर घाबरायचं, असं ते म्हणायचे. तो वायू नाकच बधिर करतो. त्यांचा एक सोबती असाच गेला. ठेकेदाराने घरच्यांना काय दिलं ते लिहिण्यासारखं नाही.
२०१३ चा कायदा म्हणतो की माणसाला असं उतरवायचं नाही. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. मला भरपाई नको, मला कोणी आत उतरायला नको आहे.
म्हणून विनंती. नवीन लाइन टाकाल, जोडाल, तेव्हा त्यात सॅनिटरी पॅड, डायपर, कापड, उरलेलं तेल टाकू नका. लाइन चोकअप झाली की मशीन पोहोचत नाही तिथे अजूनही कोणाला तरी पाठवलं जातं. तुमची सेप्टिक टाकी बंद करतानाही कोणी माणूस आत उतरणार नाही, हे सेक्रेटरी म्हणून तुम्ही बघा.

मरोळकर
सावलीताई, शब्द देतो. कंत्राटात लिहून घेईन आणि त्या दिवशी स्वतः उभा राहीन.

गुळपोळी
सावली, तू लिहिलंस हे फार बरं झालं.

जुना_ओव्हरसियर
सावली, तुझ्या वडिलांसारख्या माणसांकडून मी काम शिकलो. माझं जे काही ज्ञान आहे ते त्यांनी पाहिलेलं आहे, मी वरून फक्त नोंद केली.
मरोळकर, सभेला पुरावा न्यायचा असेल तर एक सोपी चाचणी सांगतो. टाकीच्या बाहेरच्या तोंडाला एक चेंबर असेल. त्यात बादलीभर पाण्यात कालवलेला खाण्याचा रंग ओता, लाल किंवा हिरवा. टाकीच्या आधी ओतू नका, आत पातळ होऊन जाईल. मग दोन माणसं पावसाळी गटाराच्या झाकणापाशी उभी करा. सकाळी सात-आठला करा, तेव्हा सगळ्यांकडे पाणी वापरात असतं.

पेठेतला
रंगपंचमीला करू नका म्हणजे झालं, कोणाचा रंग ते कळणार नाही. :)

मरोळकर
केली चाचणी. रविवारी सकाळी साडेसात. हिरवा रंग. सोबत जे काका सभेत सगळ्यात जोरात विरोध करत होते त्यांनाच घेतलं.
चार मिनिटं काही नाही. काका म्हणाले, बघ, मी सांगत होतो. पाचव्या मिनिटाला बी विंगच्या कोपऱ्यावरच्या पावसाळी गटारात हिरवं पाणी दिसलं. तिथून आम्ही भिंतीला वळसा घालून नाल्यापाशी गेलो. पाइपाच्या तोंडातून बारीक हिरवी धार. काका बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, हा पाइप ९८ साली मी कमिटीत असताना टाकला होता. तेव्हा अंगण तुंबलं होतं, लहान मुलं होती, दुसरं काही सुचलं नाही.
त्यांच्यावर कोणी चिडलं नाही. तेव्हा रस्त्यात लाइन नव्हतीच.

कुर्ल्याची_पोर
ही धार पुढे आमच्याकडेच येत होती. काकांना सांगा, राग नाही. आता बंद होतेय ते महत्त्वाचं.

शंकासुर
माझा एक तांत्रिक प्रश्न. रस्ते दर वेळी वर वर येत जातात. सोसायटीचं शेवटचं चेंबर आता रस्त्यातल्या लाइनपेक्षा खाली तर नाही ना? मग पाणी चढणार कसं?

जुना_ओव्हरसियर
उत्तम प्रश्न, जोडण्या बहुतेक इथेच अडतात. सहा इंची पाइपाला शंभर फुटांत एक फूट उतार लागतो. त्याहून कमी दिला तर पाणी पुढे जातं आणि घन भाग मागे बसतो, मग चोकअप. प्लंबरला पाइपाची खोली दोन्ही टोकांना मोजायला लावा. लायसन्स असलेलाच प्लंबर घ्या. उतार बसत नसेल तर छोटी टाकी आणि पंप लागतो, त्याचं वीजबिल कायमचं असतं, तेही सभेला आधी सांगा. लपवलंत तर सहा महिन्यांनी पंप बंद करून कोणीतरी तो जुना पाइप परत उघडेल.

मरोळकर
मोजलं. शेवटचं चेंबर ते रस्त्यातलं मॅनहोल ६२ फूट, आठ इंच उतार मिळतोय. पंप लागणार नाही.
कालची सभा झाली. नाखवांचं लिहिलेलं वाचून दाखवलं, कुर्ल्याच्या ताईंचंही. ठराव मंजूर, पाच घरं विरोधात. दोन ज्येष्ठ नागरिकांची घरं हप्त्याने देणार आहेत आणि ९८ सालच्या काकांनी एका विधवा बाईंचा वाटा स्वतःहून उचलला. पावसाळ्याआधी काम संपवायचं आहे.
आता शेवटचा प्रश्न. बंद केलेल्या टाकीचं करायचं काय? तशीच सोडली तर वरचा स्लॅब पोरांच्या खेळण्याच्या जागेत आहे.

जुना_ओव्हरसियर
तशी सोडायची नाही. आधी सक्शन गाडीने पूर्ण उपसा, वरूनच, आत कोणी नाही. मग आत-बाहेरचे दोन्ही पाइप सिमेंटने बंद करा आणि गटारात जाणारं तोंडही बंद करा, ते विसरायचं नाही. तळाला दोन-तीन भोकं पाडायला लावा, तीही वरून ड्रिल लावून, म्हणजे पाणी साठणार नाही. मग स्लॅब फोडून आत दगड-खडी आणि वर मुरूम, थराथराने ठोकून भरा. इमारतीचा राडारोडा चालेल, पण प्लास्टर-माती जास्त नको, ती बसते आणि वरती खड्डा पडतो.

सावली_२२
आणि गाडी येईल त्या दिवशी मला तारीख कळवा. मी येते.